घातांक शून्य असताना उत्तर एक कसे येते? मुलाला नियम नव्हे, कारण सांगायचे आहे

प्रश्न : लष्करची आई

नमस्कार. आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. माझा मुलगा आठवीत आहे आणि हिंदी माध्यमातून शिकतो, पण घरी त्याचा अभ्यास मी मराठीतून घेते. तो ज्याला ‘आधार’ म्हणतो त्याला मी ‘पाया’ म्हणते, आणि तो ‘दो की घात पाँच’ असे वाचतो ते मी ‘दोनाचा पाचवा घात’ असे वाचते. शब्दांची ही अडचण आम्ही केव्हाच ओलांडली आहे. आता जी अडचण आली आहे ती गणिताचीच आहे.

मागच्या आठवड्यात त्याची चाचणीची वही घरी आली. घातांकांच्या प्रकरणावर दहापैकी तीन गुण होते. संगणकावर घातांक वर चढवून लिहिणे मला जमत नाही, म्हणून २^३ असे लिहिते. यात २ हा पाया आणि ३ हा घातांक समजावा. त्याने २^३ = ६ लिहिले होते, ५^० = ० लिहिले होते, २^३ × २^४ याचे उत्तर ४^७ दिले होते, (२ + ३)^२ याचे १३, −३^२ याचे ९ आणि २^−२ याचे −४. प्रत्येकावर लाल फुली होती, पण का चुकले ते कुठेही लिहिलेले नव्हते. वर्गात विचारल्यावर ‘नियम पाठ कर’ एवढेच सांगण्यात आले.

त्याने नियम पाठ केलेही. काल रात्री मात्र तो मला म्हणाला, “आई, पाच एकदाही घेतला नाही, तर हातात काहीच उरायला नको. मग हा एक आला कुठून?” मला उत्तर देता आले नाही, आणि उत्तर माहीत नसताना ‘तसेच असते’ असे मुलाला सांगणे मला पटत नाही. कृपया कोणी कारण समजावून सांगावे.

उत्तर : निवृत्त गणितशिक्षक, मुरार

ताई, तुमच्या मुलाचा प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. त्याच्या विचारात खोट नाही. त्याला जी व्याख्या दिली गेली ती अपुरी आहे. ‘पाया स्वतःशीच घातांकाइतक्या वेळा गुणणे’ असे आपण सर्रास सांगतो, पण २ × २ × २ मध्ये गुणाकाराची चिन्हे दोनच आहेत, तीन नाहीत. म्हणजे ही व्याख्या ३ या घातांकालाही नीट बसत नाही, मग शून्याला कशी बसणार?

मी वर्गात शिकवत असताना एक बदल केला होता आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. मुलांना पहिले दोन आठवडे प्रत्येक घात १ पासून सुरू करून लिहायला लावायचे. २^३ म्हणजे १ × २ × २ × २. आधी एक मांडायचा, मग त्याला पायाने घातांक सांगेल तितक्या वेळा गुणायचे. आता गुणाकाराची चिन्हे बरोबर तीन आहेत. २^१ म्हणजे १ × २. आणि ५^० म्हणजे एक मांडला आणि त्याला पाचने एकदाही गुणले नाही, म्हणून तो एक जसाच्या तसा राहिला. तुमच्या मुलाला ‘कुठून आला’ असे वाटलेला एक सुरुवातीपासून तिथेच होता. आपण तो लिहीत नव्हतो इतकेच.

तो शून्य का म्हणतो, हेही समजून घ्या. बेरजेत आपण रिकाम्या हाताने, म्हणजे शून्यापासून, सुरुवात करतो, कारण शून्य मिळवल्याने बेरीज बदलत नाही. पाच रुपये एकदाही मिळवले नाहीत तर शून्यच उरतो. गुणाकारात हेच काम एक करतो, कारण एकने गुणल्याने काही बदलत नाही. गुणाकार शून्यापासून सुरू केला असता तर पुढे कितीही गुणले तरी शून्यच हाती आला असता. मुलगा घाताकडे बेरजेच्या सवयीने पाहतो आहे. २^३ = ६ ही चूकही त्याच सवयीतून आली आहे: तिथे त्याने दोन तीनदा मिळवले. या दोन चुका वेगळ्या समजू नका, मूळ एकच आहे.

आता ऋण घातांक. यासाठी मी जुनी नाणी वापरत असे, आणि आजही याहून चांगले साधन मला ठाऊक नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पैसे आले, त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे होत. रुपयाची निम्मी अधेली, म्हणजे आठ आणे. अधेलीची निम्मी पावली, चार आणे. पावलीची निम्मी चवली, दोन आणे. आणि चवलीचा निम्मा एक आणा. आण्यांत मोजले तर ही उतरंड १६, ८, ४, २, १ अशी होते, आणि घातांकांत लिहिली तर २^४, २^३, २^२, २^१, आणि मग? घातांक प्रत्येक पायरीला एकने उतरतो आणि किंमत निम्मी होते. २^१ च्या खालच्या पायरीवर २^० आहे आणि तिथे आण्याचे नाणे ठेवलेले आहे. त्या पायरीवर शून्य ठेवायचे म्हटले तर चवलीचे निम्मे म्हणजे काहीच नाही असे म्हणावे लागेल, आणि असा व्यवहार बाजारात कोणी मान्य केला नसता.

उतरंड इथे थांबत नाही. आण्याचा निम्मा म्हणजे दोन पैसे, ज्याला आपण ढबू म्हणत असू. तो २^−१ आणे. त्याचा निम्मा एक पैसा, म्हणजे पाव आणा. तो २^−२ आणे, म्हणजेच १/४. ग्वाल्हेर संस्थानाने स्वतः पाव आण्याची तांब्याची नाणी काढली होती. माझ्याकडे त्यातले एक आहे. कडा झिजल्या आहेत आणि ते करंगळीच्या पेराइतके जड लागते. मी ते मुलांच्या तळहातावर ठेवून विचारत असे, “हे नाणे तुझ्या हातात आहे की तुझ्यावर कर्ज आहे?” मुले म्हणत, “हातात आहे.” मग मी सांगत असे की घातांकातले ऋण चिन्ह कर्ज दाखवत नाही, पायऱ्या कोणत्या दिशेने मोजल्या ते दाखवते. वर चढताना गुणायचे, खाली उतरताना भागायचे. तांब्याचे ते नाणे लहान आहे, पण ते धनच आहे. २^−२ चे उत्तर −४ लिहिणारी बहुतेक मुले यानंतर पुन्हा तसे लिहीत नसत.

२^३ × २^४ साठी दोन्ही घात उलगडून लिहायला सांगा. तीन दोन आणि चार दोन मिळून सात दोन होतात, म्हणून २^७, म्हणजे १२८. आठ गुणिले सोळा करून पडताळा घ्या, तेवढेच येईल. ४^७ म्हणजे १६,३८४. उत्तर किती दूर गेले ते त्याला डोळ्यांनी दिसू द्या. गुणताना आपण दोनांची संख्या मोजतो, म्हणून घातांकांची बेरीज होते. दोनचे चार कोणी केलेले नाहीत, म्हणून पाया बदलत नाही. भागाकारात याच्या उलट होते, आणि २^४ ला २^४ ने भागले की घातांकांची वजाबाकी शून्य येते व भागाकार एक येतो, हेही त्याला स्वतःलाच करू द्या.

उत्तर : किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारा

सरांच्या उत्तरात मला एक भर घालावीशी वाटते, कारण या प्रश्नाचा आपल्या गावाशी जवळचा संबंध आहे. ग्वाल्हेर दरवाज्याकडून किल्ल्यावर चढताना वाटेत एकाच खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर लागते. त्यात विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ मधला शिलालेख आहे. देवाला रोज ५० माळा मिळाव्यात म्हणून २७० हात लांब आणि १८७ हात रुंद फुलबाग दिल्याचा उल्लेख त्यात आहे. २७० आणि ५० या दोन्ही संख्यांतले शून्य तिथे लहान वर्तुळाने कोरलेले आहे. ताई, एखाद्या रविवारी मुलाला तिथे नक्की घेऊन जा. मंदिर इतके लहान आहे की लेखाच्या अगदी जवळ उभे राहता येते.

त्याच २७० वर आता घातांक लिहून पाहू. आपण लहानपणी एकं, दहं, शतं म्हणत आलो. ते म्हणजे १०^०, १०^१, १०^२. म्हणून २७० म्हणजे २ × १०^२ + ७ × १०^१ + ० × १०^०. शेवटच्या पदात शून्य दोनदा आला आहे आणि दोन्ही ठिकाणी त्याचे काम पूर्णपणे वेगळे आहे. गुणाकाराच्या चिन्हाआधीचा शून्य सांगतो की सुटे एकक एकही नाही. घातांकातला शून्य सांगतो की हे घर एककांचे आहे. १०^० चे मूल्य शून्य असते, तर एककाच्या घरात नऊ लिहिले तरी त्याची किंमत शून्य झाली असती आणि २७९ व २७० यांत काही फरक उरला नसता. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दशगुणोत्तर संज्ञा दिल्या आहेत, त्या अठरा आहेत आणि शेवटची परार्ध म्हणजे १०^१७ आहे. नावे अठरा आणि घातांक सतरा, हे जुळते ते पहिले नाव ‘एक’ आहे म्हणून.

मुलगा आठवीत आहे, म्हणजे त्याला मसावि येत असेल. शिलालेखातल्याच दोन संख्या घ्या. २७० चे मूळ अवयव २^१ × ३^३ × ५^१ असे होतात. ५० मध्ये तीन हा अवयवच नाही, पण मांडणी सारखी ठेवण्यासाठी ते २^१ × ३^० × ५^२ असे लिहिता येते. मसावि काढताना प्रत्येक पायाचा लहान घातांक घ्यायचा, म्हणून २^१ × ३^० × ५^१, म्हणजे १०. आता त्याला ३^० = ० धरून हेच गणित पुन्हा करायला सांगा. मसावि शून्य येईल, आणि त्याहून विचित्र म्हणजे खुद्द ५० ची किंमतही शून्य होईल. मला स्वतःला हा नियम पहिल्यांदा मनापासून पटला तो अशाच एका उदाहरणामुळे. तोपर्यंत मी तो परीक्षेपुरता लिहीत होतो.

उत्तर : दौलतगंजची मावशी

मी गणिताची शिक्षिका नाही, पण (२ + ३)^२ हे १३ का नाही ते रांगोळीच्या ठिपक्यांवर चांगले दाखवता येते, आणि माझ्या दोन्ही भाच्यांना मी ते असेच दाखवले आहे. अंगणात किंवा कागदावर पाच ओळी आणि प्रत्येक ओळीत पाच ठिपके काढावेत. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात दोन ओळी आणि दोन रकाने यांच्याभोवती एका रंगाची रेघ ओढावी, आणि उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात तीन ओळी व तीन रकाने यांच्याभोवती दुसऱ्या रंगाची. पहिल्या चौकटीत चार ठिपके आले, दुसरीत नऊ. हेच मुलाचे तेरा. पण उरलेल्या दोन कोपऱ्यांत सहा-सहा ठिपके अजून मोकळे आहेत, त्यांना त्याने मोजलेच नाही. चार, नऊ, सहा आणि सहा मिळून पंचवीस होतात. गणितात ‘वर्ग’ म्हणजे समान बाजूंचा चौकोनही होतो हे त्याला या वेळी सांगावे, म्हणजे घातांक २ हा कंसातल्या पूर्ण बेरजेची बाजू धरून चौकोन मांडायला सांगतो, हे लक्षात राहते. (२ × ३)^२ मध्ये मात्र २^२ × ३^२ करता येते, कारण तिथे सगळा गुणाकारच आहे. ४ × ९ म्हणजे ३६ आणि ६^२ सुद्धा ३६.

उत्तर : हिशेबनीस, दाल बाजार

ऋण चिन्हाचा प्रश्न अजून राहिला आहे, म्हणून लिहितो. −३^२ मध्ये घातांक फक्त त्याला चिकटलेल्या ३ वर चालतो. ऋण चिन्ह नंतर लागते. म्हणून उत्तर −९. (−३)^२ मध्ये कंसामुळे चिन्हही पायाचा भाग होते आणि ऋण तीन गुणिले ऋण तीन म्हणजे ९. सरांच्या पद्धतीने लिहायचे तर पहिले आहे −(१ × ३ × ३) आणि दुसरे १ × (−३) × (−३).

ताई, मुलगा घरी संगणकावर पडताळा घेत असेल तर एक गोष्ट अवश्य सांगून ठेवा. एक्सेलमध्ये =−३^२ टाकले तर उत्तर ९ येते, कारण त्या प्रणालीत संख्येच्या आधी लागलेले ऋण चिन्ह घाताच्या आधी वाचले जाते. तिथेच =०−३^२ टाकले तर −९ येते, कारण आता ते चिन्ह वजाबाकीचे झाले. हा त्या प्रणालीने ठरवलेला संकेत आहे, गणिताच्या पुस्तकातला संकेत वेगळा आहे. मी दिवसभर याच तक्त्यांवर काम करतो आणि अशा जागी कंस घातल्याशिवाय कधीही पुढे जात नाही. मुलाचे ९ हे उत्तर तिथूनच आलेले असण्याची शक्यता आहे.

शून्य घातांकासाठी माझ्या कामातले एक उदाहरणही देतो. एक लाख रुपये वार्षिक ७ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले, आणि वर्षांच्या संख्येला ‘न’ म्हटले, तर ‘न’ वर्षांनी रक्कम १,००,००० × (१.०७)^न होते. तीन वर्षांनी १,२२,५०४ रुपये ३० पैसे. सरळव्याजाने १,२१,००० झाले असते. आता न च्या जागी शून्य घाला, म्हणजे ज्या दिवशी पावती केली तो दिवस. त्या दिवशी खात्यात एक लाखच असले पाहिजेत, म्हणून (१.०७)^० एकच असला पाहिजे. तो शून्य असता तर ठेव ठेवताक्षणी पैसे नाहीसे झाले असते.

मोठे घात काढताना एकेक करून गुणत बसू नये, हेही त्याला शिकवावे. २^१३ काढायचा असेल तर आधी वर्गाचा वर्ग करत जावे: २, ४, १६, २५६, हे अनुक्रमे २^१, २^२, २^४, २^८ आहेत. तेरा म्हणजे आठ, चार आणि एक, म्हणून २५६ × १६ × २ = ८,१९२. बारा गुणाकारांऐवजी पाचांत काम झाले, आणि घातांकांची बेरीज कशाला उपयोगी पडते तेही दिसले.

लष्करची आई

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल संध्याकाळी सासऱ्यांच्या पेटीतून एक अधेली, दोन पावल्या आणि एक ढबू निघाला. उरलेल्या पायऱ्यांवर आम्ही कागदाच्या गोल चकत्या ठेवल्या आणि प्रत्येकीखाली घातांक लिहिला. मुलाने शून्याच्या पायरीवर आण्याची चकती स्वतः ठेवली आणि मग बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने २^−३ म्हणजे अर्धा पैसा, आण्याचा आठवा हिस्सा, असे न विचारताच सांगितले. ठिपक्यांचे चित्र त्याने वहीच्या मागच्या पानावर काढून ठेवले आहे. −३^२ त्याने खरोखरच संगणकावर पडताळले होते, हेही कळले.

आता त्याचा नवा प्रश्न आहे. २^० म्हणजे आणा आणि २^१ म्हणजे चवली; मग या दोन पायऱ्यांच्या बरोबर मध्ये, घातांक अर्धा असताना, काय ठेवायचे? तो म्हणतो की दीड आणा असला पाहिजे. मला ते बरोबर वाटत नाही, पण का ते सांगता येत नाही.

उत्तर : निवृत्त गणितशिक्षक, मुरार

ताई, तुम्हाला बरोबर वाटत नाही ते योग्यच आहे. दीड हा एक आणि दोन यांचा बेरजेतला मध्य आहे, आणि ही उतरंड गुणाकाराची आहे. एका पूर्ण पायरीला दोनने गुणायचे असते. ती पायरी दोन समान अर्ध्या पायऱ्यांत तोडायची, तर दोन्ही वेळा एकाच संख्येने गुणून शेवटी २ आले पाहिजेत. दीडने एकदा गुणले की दीड होतात, पुन्हा गुणले की २.२५, म्हणजे चवलीच्या पुढे गेलो. १.४ ने गुणून पाहिले तर १.९६, थोडे अलीकडे राहिलो. म्हणजे हवी असलेली संख्या १.४ आणि १.५ यांच्या मध्ये आहे, आणि तीच २ चे वर्गमूळ, म्हणजे २^(१/२).

त्याला कॅल्क्युलेटरवरचे वर्गमूळाचे बटण वापरू देऊ नका. १.४१ चा वर्ग १.९८८१ आणि १.४२ चा वर्ग २.०१६४, इतके मी इथे करून देतो. पुढचा अंक त्याने कागदावर गुणाकार करून शोधावा, दोन्ही बाजूंचे वर्ग लिहावेत, आणि जमले की इथे कळवावे. त्याच्या पुढच्या अंकासाठी मी थांबलो आहे.